सतराव्या वर्षीची मुलाखत

अमेरिकेतील अनेक खासगी विद्यापीठांच्या प्रवेशप्रक्रियेत एक टप्पा असा आहे की, ज्याला भारतीय शिक्षणव्यवस्थेत नेमकी जोड सापडत नाही. पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज केलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची गाठ तेथील प्राध्यापकांशी किंवा अधिकाऱ्यांशी न घालता, त्याच विद्यापीठातून काही वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आणि आता अर्जदाराच्या शहरात, निदान त्याच्या देशात, राहणाऱ्या एखाद्या माणसाशी घातली जाते. हा माणूस वकील असेल, डॉक्टर असेल, बँकेत किंवा एखाद्या प्रयोगशाळेत नोकरीला असेल. या कामाचा त्याला मोबदला मिळत नाही आणि प्रवेश द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो. अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर बोलणे होते, नंतर तो साधारण पानभराचा अहवाल लिहून विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाकडे पाठवतो आणि तो अहवाल अर्जदाराच्या कागदपत्रांत जमा होतो. या भेटीला तिकडे ‘अलम्नाय इंटरव्ह्यू’, म्हणजे माजी विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत, असे नाव आहे. मुंबई-पुण्यातूनही दर वर्षी अनेक विद्यार्थी अशा विद्यापीठांकडे अर्ज करतात, त्यामुळे हा शब्द आता मराठी घरांतही ऐकू येऊ लागला आहे आणि त्याच्याबरोबर एक धास्तीही आली आहे.

या धास्तीचे कारण समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थी ज्या प्रवेशाला ओळखतो तो आकड्यांचा असतो. सीईटी, पर्सेंटाइल, गुणवत्ता यादी, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या आणि शेवटी कटऑफ अशी ती साखळी आहे, आणि तिच्यात त्याला कोणी समोर बसवून ‘तुला काय करायला आवडते?’ असे विचारत नाही. व्यक्ती म्हणून जोखले जाण्याचा प्रसंग आपल्याकडे पुष्कळ उशिरा येतो, पहिल्या नोकरीच्या वेळी किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत. तेथेही २०२५ पैकी २७५ गुण असा त्या चाचणीचा वाटा आकड्यांत ठरलेला असतो. ज्याला गुण नाहीत, ज्याचा ठरावीक अभ्यासक्रम नाही आणि ज्याचा निकाल स्वतंत्रपणे कधीच कळत नाही, अशा भेटीची तयारी करायची तरी कशी, हा प्रश्न म्हणूनच खरा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही भेट कोठून आली आणि तिच्याकडून काय अपेक्षिता येते, हे पाहणे आवश्यक ठरते.

तिचा इतिहास स्वच्छ नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर मिळत असे आणि त्या परीक्षेत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने उत्तीर्ण होऊ लागली. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी असा प्रस्ताव मांडला. उघड कोट्याला विरोध झाला, तेव्हा हेच उद्दिष्ट आडवाटेने साधण्याचा मार्ग १९२६ पर्यंत तयार झाला. त्या मार्गावर गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ नावाचा एक निकष आला, आणि तो जोखण्यासाठी छायाचित्र, वैयक्तिक माहितीचे अर्ज, शिफारसपत्रे आणि मुलाखत ही साधने आली. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने ‘द चोझन’ या २००५ मधील ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या कागदपत्रांच्या आधारे हा सारा प्रवास मांडला आहे. चारित्र्य हा शब्द ऐकायला उदात्त असला, तरी त्याचे मोजमाप कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि त्या काळी ते हात एका विशिष्ट वर्गाचे होते. पुढे, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, ही विद्यापीठे देशभरातून आणि नंतर जगभरातून विद्यार्थी शोधू लागली, तेव्हा दूरदूरच्या शहरांत स्थायिक झालेले माजी विद्यार्थी त्यांचे डोळे बनले. ज्या साधनाचा उपयोग दार अरुंद करण्यासाठी झाला होता, त्याच साधनाने ते काही अंशी रुंदही झाले. ही दुहेरी वंशावळ आजच्या मुलाखतीला चिकटलेली आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

आज तिचे स्वरूप संस्थेगणिक बदलते. जॉर्जटाउनमध्ये ती अर्जाचा नेहमीचा भाग आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या कामासाठी नेमलेल्या स्वयंसेवक माजी विद्यार्थ्यांना ‘एज्युकेशनल काउन्सेलर’, म्हणजे शिक्षणविषयक सल्लागार, म्हणते. हार्वर्डमध्ये माजी विद्यार्थी उपलब्ध असेल तेथेच भेट होते. ब्राउन आणि कोलंबिया यांनी अशा मुलाखती अलीकडे बंदच केल्या, आणि ब्राउनने अर्जदाराला स्वतःची ओळख करून देणारी छोटी चित्रफीत पाठवण्याची सोय दिली. अर्जांची संख्या माजी विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर गेली, हे या बदलामागील एक उघड कारण आहे. एकट्या हार्वर्डकडे अलीकडच्या वर्षांत पन्नास हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि प्रवेश मिळतो तो दोन हजारांच्या आसपास मुलांना. म्हणून भेटीचे बोलावणे आले नाही तर त्याचा विपरीत अर्थ लावू नये, असे ही विद्यापीठे स्वतःच सांगतात, आणि त्यावर विश्वास ठेवणेच शहाणपणाचे आहे. बोलावणे येते तेही अर्ज पाठवून झाल्यावर: नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशीच्या मुदतीत अर्ज करणाऱ्यांना नोव्हेंबरात, आणि नववर्षाच्या सुमाराची मुदत गाठणाऱ्यांना साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत. पूर्वी ही भेट एखाद्या कॉफीच्या दुकानात, ग्रंथालयात किंवा कचेरीत होत असे. २०२० नंतर ती बहुतेक वेळा संगणकाच्या पडद्यावर होते.

या भेटीतून माणसाची पारख होते का, हा त्यापुढचा प्रश्न, आणि त्याचे संशोधनातून मिळणारे उत्तर मुलाखतीवर श्रद्धा असणाऱ्यांना अस्वस्थ करणारे आहे. १९७९ साली ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मुलाखतींच्या आधारे दीडशे विद्यार्थी निवडले होते. नंतर राज्याच्या विधिमंडळाने जागा वाढवल्यामुळे आधी डावललेल्यांपैकी आणखी पन्नास जणांना घ्यावे लागले. पुढे या दोन गटांची तुलना झाली, तेव्हा अभ्यासात आणि नंतरच्या रुग्णालयीन प्रशिक्षणात त्यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. २०१३ साली जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नॅथॅनिएल पीटरसन या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर याहून बोलका आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घेऊन त्यांचे पुढील गुण किती असतील याचा अंदाज करायला सांगितले. काही मुलाखतींत उत्तर देणारा मनातले न सांगता ठरवून दिलेल्या यादृच्छिक रीतीने, म्हणजे जणू नाणे उडवून, उत्तरे देत होता, तरी मुलाखत घेणाऱ्यांना त्यात सुसंगत माणूस दिसतच राहिला. मागील गुणांवरून बांधलेला अंदाज मुलाखतीनंतरच्या अंदाजापेक्षा सरस ठरला. माणसाचे मन समोरच्या चार वाक्यांतून अखंड व्यक्तिचित्र विणते आणि मग त्या चित्रावर भरवसा ठेवते, असा याचा अर्थ आहे.

या उत्तराला दुसरी बाजू मात्र आहे, आणि ती एका न्यायालयीन खटल्यात उघड झाली. ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ या संघटनेने २०१४ साली हार्वर्डविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होतो, असा आरोप होता. हार्वर्डचे प्रवेश कार्यालय प्रत्येक अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर कामे, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी श्रेणी देते, आणि मुलाखत घेणारा माजी विद्यार्थीही आपल्या परीने श्रेणी देतो. न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीत असे दिसले की, प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वासाठी दिलेल्या श्रेणी श्वेतवर्णीय मुलांच्या जवळपास होत्या, पण बहुतेक अर्जदारांना कधीही न भेटलेल्या प्रवेश कार्यालयाने दिलेल्या श्रेणी त्यांच्या बाबतीत खालच्या होत्या. शिक्षकांच्या शिफारसपत्रांसारख्या अन्य घटकांमुळे हा फरक पडत असावा, असा हार्वर्डचा बचाव होता, आणि २०१९ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाला नाही असाच निर्णय दिला. पुढे २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. निकालाचा राजकीय अर्थ काहीही असो, समोरासमोर बसलेल्या माणसाला जे दिसले ते कागद वाचणाऱ्याला दिसले नाही, ही त्या खटल्यातली गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ही दोन उत्तरे परस्परविरोधी वाटतात, पण ती दोन वेगळ्या कामांविषयी आहेत. पुढे हा मुलगा काय करील हे सांगणे म्हणजे भाकीत, आणि भाकितात माणूस कच्चा आहे. आज हा मुलगा काय बोलला, कसा थांबला, कोणत्या प्रश्नाने त्याचे डोळे उजळले हे सांगणे म्हणजे साक्ष, आणि ती साक्ष प्रामाणिक माणूस चांगली देऊ शकतो. माजी विद्यार्थी अर्जदाराचे गुणपत्रक किंवा निबंध पाहत नाही. बहुतेक संस्था ते त्याला मुद्दाम दाखवत नाहीत. ही त्रुटी नसून या भेटीचे बळ आहे. त्याच्या हातात काही नसल्यामुळे त्याला फक्त समोरचा माणूस दिसतो, आणि तो जे पाहतो-ऐकतो त्याचीच नोंद करणे त्याचे काम ठरते. तो न्यायाधीश असतो या समजुतीने केलेली सारी तयारी म्हणूनच चुकीच्या दिशेने जाते. साक्षीदाराला सांगता येईल असे काहीतरी त्याच्या पदरात टाकणे, एवढेच अर्जदाराने करायचे असते.

साक्षीदाराला विशेषणे उपयोगी पडत नाहीत, हे एकदा उमगले की तयारीचे स्वरूप बदलते. समजा, नाशिक भागातील एखाद्या विद्यार्थ्याने द्राक्षबागेतील मातीचा ओलावा मोजणारे छोटे यंत्र बनवले आहे. मुलाखतीच्या सरावात त्याला बहुधा असे वाक्य शिकवले जाते की, शेती आणि तंत्रज्ञान यांचा संगम साधून समाजाचे प्रश्न सोडवण्याची त्याला तळमळ आहे. हे वाक्य खोटे नसेलही, पण ते हजारो मुलांच्या तोंडी बसते आणि ऐकणाऱ्याला त्यातून लिहून घेण्यासारखे काही मिळत नाही. तोच विद्यार्थी जर असे सांगू लागला की, पहिल्या यंत्रातल्या धातूच्या दोन पट्ट्या ओल्या मातीत काही आठवड्यांतच गंजून गेल्या, कारण त्यांतून सतत वीज वाहत होती; मग त्याने वीज फक्त मोजणीपुरती चालू ठेवून पाहिली, आणि तरीही आकडे हलू लागले तेव्हा धातू मातीला लागणारच नाही अशा दुसऱ्या प्रकारच्या संवेदकाकडे, म्हणजे मोजणी करणाऱ्या घटकाकडे, तो वळला; आणि एवढे करूनही ज्या शेतकऱ्यासाठी हे केले तो माती मुठीत दाबून जे सांगतो तेच यंत्र सांगते की नाही, हे त्याला रोज ताडून पाहावे लागले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक मुलगा उभा राहतो. चिकाटी, जिज्ञासा, नम्रता हे शब्द मग त्या मुलाने उच्चारण्याची गरज उरत नाही. ते अहवाल लिहिणाऱ्याच्या लेखणीतून आपोआप उतरतात.

म्हणून या भेटीची खरी तयारी म्हणजे आठवणे. उत्तरे घोकण्यापेक्षा आपण गेल्या तीन-चार वर्षांत काय काय केले, ते कोणत्या दिवशी सुरू झाले, कोठे अडले, कोणी मदत केली, कशाचा कंटाळा आला आणि काय अर्धवट राहिले, हे सारे बारकाव्यांसह मनात पुन्हा जागे करणे हे कष्टाचे काम आहे आणि ते फारसे कोणी करत नाही. सतराव्या वर्षी माणूस इतक्या वेगाने बदलतो की नववीतल्या स्वतःची ओळख बारावीत पुसट झालेली असते. ज्या मुलाने एखादे पुस्तक आवडले म्हणून अर्जात लिहिले, त्याला त्या पुस्तकातले नेमके काय मनात राहिले हे सांगता आले नाही, तर ते खोटेपणामुळे नव्हे, विस्मरणामुळे घडते. पण समोरच्याला दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या वह्या चाळाव्यात, ज्यांच्याबरोबर काम केले त्यांच्याशी बोलावे, ज्या शिक्षकाने एखादी चूक दाखवली होती त्याला पुन्हा भेटावे, अशा साध्या गोष्टींचा येथे जो उपयोग होतो तो शंभर नमुना प्रश्नांच्या यादीचा होत नाही.

मराठी घरात वाढलेल्या मुलापुढे यात एक विशेष अडचण असते आणि तिचा विचार सहानुभूतीने व्हायला हवा. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, विचारले तेवढेच सांगावे, आपल्या तोंडाने आपली थोरवी गाऊ नये, हे संस्कार त्याच्यावर लहानपणापासून झालेले असतात. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची जी लक्षणे सांगितली त्यांत स्वतःची स्तुती करणे आहे आणि वाडवडिलांची कीर्ती सांगणेही आहे. या दोन्ही गोष्टींना मराठी मन आजही मनापासून बिचकते. अशा मुलाला कोणी ‘स्वतःविषयी सांग’ म्हटले की तो ओशाळतो आणि शाळेचे नाव, टक्केवारी, आईवडिलांचा व्यवसाय एवढे सांगून गप्प होतो. त्यावर उपाय म्हणून त्याला स्वतःचा डांगोरा पिटायला शिकवणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे, आणि ते त्याला साधतही नाही. स्तुती आणि वर्णन यांतला भेद त्याला समजावून द्यायला हवा. आपण केलेल्या कामाचे वर्णन करताना कर्त्यापेक्षा काम मोठे होते, आणि मग संकोच गळून पडतो. सुताराने चौकट कशी बसवली हे सांगितले तर कोणी त्याला बढाईखोर म्हणत नाही. ज्या संस्काराची या मुलांना अडचण वाटते, तोच असा वापरला तर त्यांच्या बोलण्याला एक दुर्मीळ सचोटी देतो, आणि वर्षानुवर्षे मुलाखती घेणाऱ्या माणसाच्या कानाला ती चटकन जाणवते.

भाषेचा प्रश्नही याला लागूनच आहे. मुलाखत इंग्रजीत होते, पण ज्या गोष्टी सांगायच्या त्या पुष्कळदा मराठीत घडलेल्या असतात: आजीच्या औषधांच्या वेळा सांभाळताना, गणपतीच्या मंडळाचा हिशेब लिहिताना, एसटीने शाळेत जाता-येताना. विद्यार्थी थेट इंग्रजीत सराव करू लागला की या गोष्टी गळून जातात आणि इंग्रजी पुस्तकांतल्या तयार शब्दांत बसतील अशाच तेवढ्या उरतात. यावर एक साधा मार्ग आहे. आपली हकीकत प्रथम मराठीत, त्या विषयातले काहीही ठाऊक नसलेल्या एखाद्या मावशीला किंवा शेजाऱ्याला सांगावी. त्यांनी मध्ये थांबवून विचारलेले प्रश्न ध्यानात ठेवावेत, कारण अनोळखी माजी विद्यार्थी जवळजवळ तेच विचारणार असतो. आणि मगच ती इंग्रजीत सांगून पाहावी. उच्चाराची चिंता करण्यात वेळ घालवू नये. विचार करण्यासाठी क्षणभर थांबले तर ते कमीपणाचे नसते, आणि एखादा प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारण्यात गैर काही नाही.

तयारीचा दुसरा भाग विद्यापीठाविषयीचा आहे, आणि तेथेही बहुतेक अर्जदार नावलौकिकाच्या पायरीवरच थांबतात. ‘येथेच का यायचे आहे?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक भेटीत येतो. क्रमवारीतले स्थान हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण ते स्थान माजी विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अमेरिकन पदवी शिक्षणात ‘मेजर’, म्हणजे मुख्य विषय, सहसा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा असतो, आणि तोवर कोणत्या वाटेने जायचे याविषयी संस्थांचे विचार फार वेगळे आहेत. ब्राउनमध्ये सर्वांना सक्तीचे असे समान विषय नसतात आणि विद्यार्थी आपला अभ्यासक्रम स्वतः रचतो. कोलंबियात याउलट प्रत्येकाला अभिजात ग्रंथांच्या वाचनाचा ठरलेला गाभा पुरा करावा लागतो. एमआयटीत पहिल्या सत्रातील अनुत्तीर्ण विषयांची नोंद बाहेर दिसणाऱ्या गुणपत्रकावर राहत नाही, जेणेकरून नव्या मुलांनी न घाबरता शिकावे. या तीन व्यवस्था म्हणजे शिक्षणाविषयीच्या तीन वेगळ्या श्रद्धा आहेत. आपला स्वभाव यांपैकी कोठे रमेल याचा ज्याने मनाशी विचार केला आहे, त्याचे उत्तर दोन वाक्यांचे असले तरी वजनदार असते. आणि असा विचार केल्यावर एखाद्या संस्थेकडे अर्ज करूच नये असे वाटले, तर तोही तयारीचाच लाभ समजावा.

भेटीच्या शेवटी माजी विद्यार्थी बहुधा विचारतो की, तुला काही विचारायचे आहे का. या वेळी मुले गडबडतात आणि संकेतस्थळावर सहज सापडेल असे काहीतरी विचारून मोकळी होतात. वास्तविक या साऱ्या व्यवहारातला विद्यार्थ्याच्या सर्वांत हिताचा भाग हाच आहे. समोरचा माणूस त्या वसतिगृहात राहिलेला आहे, घरापासून दूर पहिल्या हिवाळ्यात त्याला काय वाटले हे त्याला आठवते, कोणता विषय अर्धवट सोडला आणि कोणत्या प्राध्यापकामुळे आयुष्याची दिशा बदलली हे त्यालाच सांगता येते. त्याने जर वीस वर्षांपूर्वी पदवी घेतली असेल तर आजच्या अभ्यासक्रमाविषयी त्याला फार माहिती नसेल, पण तेथल्या शिक्षणातले वीस वर्षांनी काय टिकून राहिले, याचे उत्तर कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसते. अशा प्रश्नाने भेटीचे पारडे समतोल होते, आणि विचारणारा आणि सांगणारा यांतला भेद काही क्षण मिटतो.

येथे शब्दाकडेही लक्ष द्यायला हवे. ‘मुलाखत’ हा शब्द मराठीत अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि त्याचा मूळ अर्थ केवळ भेट असा आहे; हिंदीत ‘मुलाकात’ म्हणजे आजही भेटच. मराठीत मात्र त्याला चौकशीचा आणि परीक्षेचा रंग चढला आणि मूळ अर्थ मागे पडला. माजी विद्यार्थ्याबरोबरच्या या तासाभरात तो जुना अर्थ पुन्हा जिवंत होण्याची शक्यता असते, मात्र दोन्ही बाजूंनी ती शक्यता जपली पाहिजे. पालकांनी त्या वेळी खोलीत किंवा पडद्याबाहेर बसून राहू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले. भेटीनंतर दोन-चार ओळींचे आभाराचे पत्र पाठवावे, त्यात बोलण्यातली एखादी गोष्ट आठवणीने लिहावी, आणि मग तो विषय मनातून काढून टाकावा. अहवालात काय लिहिले हे विद्यार्थ्याला कळत नाही, आणि निकालावर त्याचा भार सहसा थोडाच असतो.

मुलाखत घेणाऱ्याच्या तयारीविषयी मात्र फार कमी लिहिले जाते, आणि हे दुर्लक्ष खटकणारे आहे. भारतात राहणाऱ्या आणि स्वतः अशा विद्यापीठातून शिकून आलेल्या माणसाला समोरच्या मुलामुलींत आपल्यासारखी मुले आधी दिसतात: त्याच दर्जाच्या शाळेची, तसेच इंग्रजी बोलणारी, तीच पुस्तके वाचलेली. १९२० च्या दशकात ‘चारित्र्य’ या शब्दाआड जे घडले, ते याच सहज आवडीच्या जोरावर घडले होते. म्हणून माजी विद्यार्थ्याने भेटीपूर्वी आपण कोणते तीन-चार प्रश्न प्रत्येकाला विचारणार हे ठरवून ठेवावे, भेट संपताच ऐकलेले शब्द टिपून घ्यावेत, आणि अहवालात ‘हुशार वाटला’ असे न लिहिता तो काय म्हणाला ते लिहावे. सातारच्या किंवा लातूरच्या मुलीचा आवाज पहिली दहा मिनिटे लहान असेल, तर ती दहा मिनिटे तिच्या हिशेबात धरू नयेत. एवढी काळजी घेतली तरच ही भेट टिकवून ठेवण्याजोगी ठरते. ती घेतली जात नसेल, तर ब्राउन आणि कोलंबिया यांनी ती बंद केली तेच योग्य म्हणावे लागेल.

अमेरिकेत शिकायला जाण्यापूर्वी स्वतःला प्रश्न विचारून त्यांची उत्तरे देण्याचे मराठी समाजातले एक श्रेष्ठ उदाहरण सतराव्या वर्षातलेच आहे. १८८३ च्या फेब्रुवारीत, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर असताना, आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. लोक आपल्याला काय काय विचारतात हे त्यांनी सहा प्रश्नांत मांडले: अमेरिकेला का जायचे, भारतात शिकण्याची सोय नाही का, एकटीनेच का जायचे, परतल्यावर समाज वाळीत टाकणार नाही का, संकट ओढवले तर काय करणार, आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते आपणच का करायचे; आणि मग एकेका प्रश्नाला त्यांनी सविस्तर उत्तर दिले. त्यांतला एकही प्रश्न सोपा नव्हता आणि एकही त्यांनी टाळला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून जहाजाने निघाल्या, आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. ‘का जायचे?’ या पहिल्या प्रश्नाला आजच्या अर्जदारालाही सामोरे जावे लागते, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ अनेक मुलींवर अजूनही येते.

निघण्यापूर्वी आनंदीबाईंचा न्यू जर्सीतील एका सहृदय अमेरिकन स्त्रीशी पत्रव्यवहार होता, पण त्या वाटेने आधी जाऊन आलेली आणि समोर बसवून तेथल्या चार गोष्टी मराठीत सांगू शकेल अशी एकही बाई त्यांना उपलब्ध नव्हती. आज मुंबईत, पुण्यात, नागपुरात अशी माणसे आहेत. ज्या मराठी पदवीधरांना आपले विद्यापीठ हे काम करण्याची संधी देते, त्यांनी वर्षातले काही तास त्यासाठी राखून ठेवावेत, आणि ज्यांच्या विद्यापीठाने ती प्रथा बंद केली आहे, त्यांनी गावाकडच्या एखाद्या शाळेत जाऊन बारावीच्या मुलामुलींना, कोणताही अहवाल न लिहिता, भेटावे.